रईस शाझलींचा खडक

"बस! चारही बाजूंना खडक आहे. आड रिकामा. बुजवा!" रईस शाझली वरून ओरडले.

कुफ्त गावच्या त्या घराण्यात चार पिढ्या जुन्या थडग्यांच्या खोदकामाचे मुकादम, म्हणजे रईस. शाझलींनी खडक म्हटलं की मोहिमेचे प्रमुख डॉक्टर महरूस वहीत निमूट खडकच लिहीत. उद्या हंगाम संपत होता. वाळू एकदा आत गेली की थडग्यासाठी खणलेला हा आड पुन्हा कधी उघडेल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बुजवण्याआधी भिंती कागदावर रेखाटायला शाझलींची सून हानिया तळाशी उतरली होती.

"आटप पोरी! तुझी लेक रडून घर डोक्यावर घेईल, मग तुझी सासू मला फैलावर घेईल."

"झालंच, मामंजी!"

"इथं रईस म्हण. मामंजी घरी!"

दोर धरलेली माणसं खो खो हसली.

हानियानं पश्चिमेची भिंत ओल्या फडक्यानं पुसली, आणि तिचा हात थबकला. पांढरट दगडात काहीतरी पिवळं चमकत होतं. गव्हाचं काड! शेजारी आणखी एक. खाली चार बोटं फिरल्याची पन्हळ, अगदी तिच्या बोटांएवढी. गेल्याच आठवड्यात तिनं घरची भट्टी लिंपली होती. तडे जाऊ नयेत म्हणून मातीत असाच भुसा कालवला होता.

हा खडक नव्हता. हा गिलावा होता.

बारा माणसांसमोर सासऱ्याला चुकलात म्हणायचं? कुफ्तमध्ये पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात हाच विषय निघाला असता. तेवढ्यात वरून मूठभर वाळू तिच्या खांद्यावर सांडली. टोपल्या काठाशी आल्या होत्या.

"रईस, जरा खाली येता?"

"का? विंचू आहे का?"

"विंचू असता तर मीच वर आले असते!"

गुडघ्यांना शिव्या घालत शाझली उतरले. हानियानं हळूच विचारलं, "मामंजी, खडकात भुसा कसा हो?"

त्यांनी नखानं खरवडलं, हुंगलं, जिभेला लावून पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्याच मुंडाशावर थाप मारली. "अरे शाझली, गाढवा! चोरांना फसवायला हे लिंपलं, आणि साडेतीन हजार वर्षांनी फसलं कोण, तर तू!"

त्यांचं हसू सगळ्या आडात घुमलं.

"डॉक्टर, तो खडक खोडा! भिंत आहे भिंत. माझ्या सुनेनं पकडली."

"अहो रईस, कालच तर तुम्ही छातीठोकपणे..."

"कालचा शाझली म्हातारा होता!"

मोजमाप झालं, फोटो झाले, आणि दुपारपर्यंत डोकं मावेल एवढं भोक पडलं. वरून कुणीतरी आरशानं ऊन आत सोडलं. पहिली नजर रईसची, हा शिरस्ताच. पण शाझली बाजूला झाले. "तू बघ."

हानिया वाकली. सोनं नव्हतं. लाकडी डब्यांची रांग होती. एक हुबेहूब बदकाच्या आकाराचा, दुसरा मांसाच्या तंगडीसारखा. बदकाचं झाकण जरा सरकलं होतं, आत कापडात गुंडाळलेलं भाजकं बदक. बाळंतिणीला डबा बांधून द्यावा, तितक्या मायेनं बांधलेलं.

"शिदोरी आहे, मामंजी!"

"आणि जेवणारा?"

"मागे त्याची शवपेटी आहे. पेटीवरचे रंगवलेले डोळे आपल्याकडेच बघतायत."

डॉक्टरांनी तिथेच हंगाम तीन आठवडे वाढवला.

संध्याकाळी चहाच्या दुकानात लोक कुजबुजायच्या आतच शाझलींनी स्वतः गोष्ट सुरू केली. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत काडाची पेंढी झाली होती, आणि त्यांच्या सुनेनं ती म्हणे डोळे मिटून, नुसत्या वासावरून ओळखली होती.