हिरोशेजारची खुर्ची

पांढुर्ण्यात वीरेंद्रचं मोबाईलचं दुकान होतं. तिथं गिऱ्हाइकं कमी आणि उडणाऱ्या हिरोंचे सिनेमे जास्त चालायचे. त्या सिनेमांतून त्यानं एक हिशेब काढला होता. ताकद हिरोला मिळते तशी त्याच्या दोस्तालाही मिळते. दोस्त तिच्या जोरावर बँक फोडतो, म्हणून तर हिरोनं फोडली नाही हे दिसतं. नाहीतर बँक न फोडणारे आपण सगळेच आहोत. आपल्यासाठी कोण टाळ्या वाजवतं?

मुली बघायला निघाल्यावर त्यानं हा हिशेब कामाला लावला. शेजारच्या खुर्चीवर दोस्त राजूला बसवायचं. राजूनं तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवायचा, पोहे तीनदा मागायचे, मुलीला तिच्या मैत्रिणींबद्दल विचारायचं. मग वीरेंद्रनं हळूच "राजू, बरं दिसत नाही," म्हणायचं आणि मुलीच्या बापानं विरघळायचं. बदल्यात राजूच्या वेळी वीरेंद्र वाईट होणार, असं ठरलं होतं. राजूनं आधी कधी खर्रा खाल्ला नव्हता. पहिल्याच घरी त्याला चक्कर आली. तीही फुकट गेली नाही, लोकांना ती दारू वाटली.

चौथ्या घरी, सौंसरच्या सुचिताशी, वीरेंद्रचं जमलं.

मग रामाकोन्याहून राजूला बोलावणं आलं. मुलगी अमिता. वीरेंद्र सोबत आला तो इस्त्रीच्या शर्टात, आणि येताच मुलीच्या बापाच्या, यशवंतरावांच्या, पाया पडला. यशवंतरावांनी सौंसरच्या सोयऱ्यांकडून बरंच ऐकलं होतं. खर्रावाले ते तुम्हीच का, त्यांनी राजूला विचारलं. राजूनं वीरेंद्रकडे पाहिलं. ते सगळं नाटक होतं, एवढंच आता वीरेंद्रनं सांगायचं होतं.

वीरेंद्रनं राजूच्या खांद्यावर हात ठेवला. "काकाजी, पोरगा दिलाचा वाईट नाही. मी समजावून राहिलो त्याले. सुधरन हळूहळू."

यशवंतराव वीरेंद्रकडे बघतच राहिले. तुम्हाला धाकटा भाऊ आहे का, त्यांनी विचारलं. "हाय नं," वीरेंद्र म्हणाला.

परतताना फाट्यावर राजूनं विचारलं, खरं का नाही सांगितलंस.

वीरेंद्रला त्या प्रश्नाचं मनापासून नवल वाटलं. "अबे, सुचिताच्या घरी समजलं असतं तं माहं लग्न मोडलं असतं. तुहं नाव तं खराबच हाय, त्याचं अजून काय बिघडते?"

बस येताना दिसली तसा तो पुढं झाला.

"अन् रविवारी मोकळा राह्य. धाकट्याले घेऊन इथंच यायचं हाय."