रुंद स्की आणि मित्सुएचं वजन

मित्रांनो, भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या दोन लांब फळ्या दिसल्या, तर त्या मुक्या आहेत असं समजू नका. मी एक जुनी स्की आहे. फळ्या दोन असल्या तरी जीव एकच, म्हणून मी स्वतःला ‘मी’च म्हणते. माझी कंबर इतकी रुंद आहे, की मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो. माझं नाक होडीसारखं वर वळलेलं आहे. आणि मला एक खोड आहे. कुठलीही गोष्ट दिसली, की ती तशी का आहे हे मला जाणून घ्यायचं असतं.

माझा जन्म होक्काइदो बेटावरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. पोटात हलक्या लाकडाच्या पट्ट्या, खाली काळा गुळगुळीत तळ, दोन्ही बाजूंना पोलादी कडा. शेजारी दुसऱ्या स्कींची रांग होती. सगळ्या सडपातळ, कमरेत बारीक. मग मीच अशी जाडी का? मी खूप विचार केला, पण तिथे उत्तर मिळालं नाही.

उत्तर मिळालं हिगाशिनुमा गावात, कुवाबारांच्या दुकानात. दुकान कात्सुरो कुवाबारा चालवायचा. त्याची बायको मित्सुए गावच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरात गल्ल्यावर बसायची. एका दुपारी ती बुटांवरचा बर्फ झटकत आत आली आणि म्हणाली, “अहो, मला नवी स्की हवी.”

“घरात इतक्या पडल्यात,” कात्सुरो मान वर न करता म्हणाला.

“त्या दाबून कडक केलेल्या उतारावरच्या. मला भूर्जांच्या रानात जायचंय. तिथल्या भुसभुशीत बर्फात त्या सुरीसारख्या खाली जातात. ती जाडी दाखवा.”

“ती? ती स्की नाही, जेवणाचं टेबल आहे.”

“बरंच की. डबा ठेवायची सोय झाली.”

कात्सुरोने मला सोडून एक मध्यम रुंदीची स्की काढली. “ही घे. रानातही चालेल, उतारावरही चालेल.”

“सगळीकडे थोडं थोडं चालणारं माझ्याकडे एक आहे,” मित्सुए म्हणाली. “ते दुकानात बसलेलं असतं.”

मग मात्र कात्सुरो हसला. त्याने मला खाली आडवं ठेवलं आणि बायकोला समजावू लागला. मीही कान देऊन ऐकलं. नुकता पडलेला मऊ बर्फ म्हणजे नुसती हवा. त्यावर अरुंद काही ठेवलं की ते बुडतं. स्की रुंद असली की माणसाचं वजन पसरतं आणि माणूस वर तरंगतो. नाक वळलेलं असलं की ते बर्फात घुसत नाही. पण हीच स्की कडक बर्फावर आळशी. वळवायला जोर लागतो, गुडघे दुखतात.

“कळलं?” त्याने विचारलं.

“कळलं. जिथे जायचं तिथली घ्यायची,” मित्सुए म्हणाली.

मलाही कळलं. माझी रुंदी हे माझं व्यंग नव्हतं. ते माझं काम होतं.

नंतर चाप निवडायचे होते. बुटाला पुढून आणि मागून पकडून ठेवतात ते हे चाप. मित्सुएला हलके हवे होते, कारण रानात आधी चढून जावं लागतं.

“चढताना हलके बरे,” कात्सुरो म्हणाला. “आणि पडशील तेव्हा?”

“मी पडत नाही.”

“न्हाणीघराच्या पायरीवर पडलेलं कोण होतं? मी होतो का?”

शेवटी भक्कम चाप ठरले. बूट सुटला की बर्फात रुतून स्कीला थांबवणारे ब्रेकचे पाय माझ्या रुंद कमरेवरून खाली उतरायला हवेत, म्हणून त्याने रुंद ब्रेकचेच शोधून काढले. ते त्याने माझ्या मध्यापासून जरासे मागे बसवले, म्हणजे नाक वर राहील. माझ्या अंगाला भोकं पडली ती तेव्हा. दुखलं, पण ही भोकं बुजत नसतात, म्हणून हा माणूस पुन्हा पुन्हा मोजतोय हे बघून धीर आला.

आता राहिला तो चापावरचा एक स्क्रू. त्याच्याशेजारी बारीक खिडकी असते आणि आत आकडा दिसतो. माणूस पडला, की किती जोर आल्यावर चापाने बूट सोडायचा, ते हा आकडा ठरवतो. बूट वेळेवर सुटला नाही तर गुडघा मोडतो. उगाच सुटला तर माणूस एकीकडे आणि स्की दुसरीकडे. आणि तो आकडा ठरवायला सगळ्यात आधी लागतं ते वजन.

“वजन सांग,” कात्सुरो म्हणाला.

मित्सुएने सांगितलं.

“न्हाणीघरातल्या काट्याला विचारून सांगतेस, की मनानं?”

“मनानं. माझं मन हलकं आहे.”

मित्रांनो, त्या दुकानात मी पाहिलं आहे, वजन विचारलं की बायका थोडं खाली सांगतात आणि पुरुष किती चांगलं घसरता येतं ते थोडं वर सांगतात. कात्सुरोला हे ठाऊक होतं. पण बायकोचा शब्द तो कसा मोडणार? त्याने आकडा लावला.

पहिल्याच दिवशी रानात, एका लहानशा उंचवट्यावर, चापाने बूट सोडून दिला. माझी एक फळी बर्फाखाली गडप झाली. ब्रेक खाली उतरला होता, पण हवेला ब्रेक काय धरणार? मित्सुए काठीने टोचत, हातांनी उकरत मला शोधत राहिली. सापडले तेव्हा ती बर्फातच पाय पसरून बसली आणि एकटीच मोठ्याने हसली. दुकानात येऊन म्हणाली, “स्क्रू घट्ट करा.”

“किती?”

“विचारू नका. तुम्हाला दिसतंय तेवढा.”

त्यानंतरचे हिवाळे फार चांगले गेले. बर्फ पडला की मित्सुए न्हाणीघर उघडायच्या आधी मला घेऊन निघायची. परतल्यावर कडा कोरड्या पुसायची, तळाला गरम मेण लावायची. रानातले लोक माझ्याकडे पाहून म्हणायचे, “कुवाबाराबाई, टेबल चांगलं पळतं हो!” मला खूप आनंद व्हायचा.

मग एक हिवाळा असा आला, की मी कधी नव्हे इतकी तरंगू लागले. जिथे पूर्वी थोडी बुडायचे, तिथे वरच्या वर निघून जायचे. असं का होतंय? मी विचार केला. यंदा बर्फ वेगळा पडलाय का? मेण बदललंय का? मला तर तो माझा सगळ्यात सुंदर हिवाळा वाटला.

त्या वर्षीही हंगामाच्या सुरुवातीला कात्सुरोने विचारलं होतं, “वजन?” आणि मित्सुए म्हणाली होती, “तेच. दरवर्षी काय विचारता?”

फेब्रुवारीत ती दोन झाडांमध्ये पडली. साधंच पडणं, हळू. मी वळले, तिचा पाय वळला, आणि चापाने बूट सोडलाच नाही. तिच्यात तेवढा भारच नव्हता.

काही दिवसांनी ती कुबडी घेऊन दुकानात आली. मागोमाग कात्सुरो. दवाखान्यात गुडघा बघायच्या आधी तिचं वजन केलं होतं.

“इतकं कमी?” कात्सुरो म्हणाला. “मित्सुए, इतकं कमी? मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही घाबरला असता.”

“मग काय झालं असतं?”

“मला रानात जाऊ दिलं नसतं. हा एक हिवाळा तरी जाऊ द्या म्हटलं.”

तेव्हा मला समजलं, की त्या वर्षी बर्फ बदलला नव्हता.

आजार पोटात फार आतवर गेलेला होता. मित्सुए उन्हाळ्यात वारली. ओबोनच्या सणाला पितर घरी येतात, तेव्हा दारात तिच्यासाठीही कंदील लावला होता.

कात्सुरोने मला दुकानातल्या भिंतीवर, शेगडीच्या वर टांगलं. त्याला वाटलं मी तिथे उबेत राहीन. पण उबेने माझा तळ सुकून पांढरा पडला आणि कडांना गंज चढला. हा एवढा जाणता माणूस, पण माझ्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं. कुणी किंमत विचारली तर म्हणायचा, “ती विकायची नाही.” खिडकीतला आकडा तोच होता, तिने शेवटी सांगितलेला.

बर्फ पुन्हा पडू लागला, तेव्हा त्यांची मुलगी चिनात्सु सापोरोहून आली. उंच, दणकट मुलगी. स्वतःचे बूट घेऊनच आली होती.

“बाबा, उद्या रानात जाऊ. मला स्की द्या.”

कात्सुरोने एकामागून एक जोड्या काढल्या. “ही बघ, हलकी आहे.”

“अरुंद आहे.”

“ही?”

“ही कडक बर्फाची. मी तुमचीच मुलगी आहे ना? ती द्या.” तिने माझ्याकडे बोट केलं.

“ती नाही.”

“का?”

“तिचे चाप आईला लावलेत.”

“मग मला लावा.”

कात्सुरो शेगडीत लाकूड सारत बसला. चिनात्सु स्टुलावर चढली आणि तिने मला खाली काढलं. मागचा चाप रुळावर सरकवून बूट बसवले आणि टाचा दाबल्या. खट, खट. किती दिवसांनी मी तो आवाज ऐकला!

“मी अशीच जाते,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का? तो आकडा तुला कमी आहे. वाटेत सुटेल. तो तिलाही बरोबर नव्हता!” कात्सुरो ओरडला. मग त्याचाच आवाज खाली आला. “मीच लावला होता.”

“तिने सांगितला तसा लावलात, बाबा.”

मग त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझ्याशेजारी गुडघे टेकले. “वजन सांग. खरं.”

तिने सांगितलं. अजिबात कमी न करता.

स्क्रू फिरला. माझ्या आतली स्प्रिंग ताणली गेली आणि खिडकीतला मित्सुएचा आकडा सरकून गेला. वाईट वाटलं. पण भिंतीवर असताना जसं वाटायचं, तसं नाही.

कात्सुरो उठायला लागला, तेव्हा चिनात्सुने त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. “आता तुमची स्की आणा.”

“माझी लावलेलीच आहे.”

“कधी लावली?”

“गेल्या... त्याच्या आधी. वजन तेच आहे माझं.”

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. त्याची विजार पट्ट्याने चुण्या पाडून आवळलेली होती. मानेपाशी सदरा सैल लोंबत होता. बायको गेल्यापासून त्याच्यासाठी रात्री भात शिजायचा का, हे त्या घरात कुणीच विचारलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली. “तेच आहे असं आईपण म्हणाली होती. चला, न्हाणीघर उघडं आहे. काट्यावर उभे राहा. मी आकडा वाचल्याशिवाय उद्या कुणी कुठे जाणार नाही.”

मला वाटलं तो चिडेल. त्याने शेगडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “नको. मला माहीत आहे.” आणि त्याने सांगितलं. चिनात्सुने तोंडावर हात ठेवला, डोळे पुसले आणि त्याच्या स्कीचा स्क्रू सैल केला. नंतर तिने दुकानाचा दिवा मालवला आणि त्याला हाताला धरून जेवायला नेलं.

दुसऱ्या दिवशी मी रानात गेले. चिनात्सुच्या वजनाने मी थोडी खोल जाते. ती डावीकडे वळताना खांदा आधी टाकते, तो का, हे मला अजून कळलेलं नाही. पण कळेल.

मित्रांनो, माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. स्की वापरून झाली की कडा कोरड्या पुसा. आठवण म्हणून तिला शेगडीवर टांगू नका. आणि तुमचे चाप लावायला कुणी गुडघे टेकून बसलं, तर त्याला खरं वजन सांगा. त्या बिचाऱ्याला ते कळायचा दुसरा मार्ग नसतो.