बहिणीचं पत्र

“‘देविका आमच्याकडे पाहुणी म्हणून राहते. मी तिला कधी काम सांगितलं नाही. तिच्या जिवाला धोका असल्याचं मला काही माहीत नाही.’”

दुभाषा कमलाकर एका सुरात बोलत होता. ज्याचं बोलणं त्याच्यासारखंच ‘मी’ म्हणून सांगायचं, हा त्याच्या कामाचा नियम. सकाळपासून, आश्रयाच्या अर्जाच्या मुलाखतीत, तो देविकाचा ‘मी’ झाला होता. आता टेबलावरच्या इंग्रजी पत्रातून तो निवेदिताचा ‘मी’ झाला. देविकाला मात्र वाटलं, लंडनजवळच्या स्लाऊच्या त्या स्वयंपाकघरातून तिची मानलेली ताईच बोलतेय.

हे पत्र तिनंच आणलं होतं. सकाळी निघताना निवेदितानं बंद पाकीट हातात ठेवलं, पाठीवरून हात फिरवला, “सगळं लिहिलंय गं, काळजी करू नकोस,” म्हणाली. आपल्या वकीलबाईंना आधी दाखवायला हवं होतं, पण ताईनं दिलेलं पाकीट फोडायचं म्हणजे तिच्यावर संशय घ्यायचा! असला आगाऊपणा देविकाला जन्मात जमला नव्हता. मुलाखत घेणाऱ्या अधिकारी बाईंच्या पुढ्यात तिनं ते मोठ्या विश्वासानं ठेवलं.

त्या पत्रावर सगळं अडलं होतं. परजातीतल्या मुलाशी लग्न केलं म्हणून भावांनी तिच्या नवऱ्याला संपवलं, हे तिनं सकाळीच सांगितलं होतं. पण मायदेशी परत गेलात तर आजही धोका आहे कशावरून, असं त्या बाईंनी तीनदा फिरवून विचारलं. त्याला उत्तर एकच होतं. आठ महिन्यांपूर्वी थोरल्या भावाचा फोन आला, तेव्हा देविका पोळ्या लाटत होती. हात पिठाचे, म्हणून निवेदितानं उचलला. “परत आली की तिचाही निकाल लावतो,” हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसली. दुसरा साक्षीदार नव्हता.

आणि आता ताईला काही माहीतच नाही! केसानं गळा कापणं म्हणतात ते याहून काय वेगळं असतं?

“तुम्ही त्या घरी पाहुण्या होतात ना?” अधिकारी बाईंनी विचारलं. “पहिल्या मुलाखतीत तसंच सांगितलंत.”

सांगितलं होतं खरं. ताईच म्हणाली होती, आमच्या सिटिझनशिपचे कागद अडकलेत, कामाची परवानगी नसलेली बाई घरकामाला ठेवली म्हणून कळलं तर फुकट बालंट यायचं. देविकानं मान डोलावली होती. भांडी, पोळ्या, ताईच्या लहानग्या मायराची शाळा, सगळं करून वर ती पाहुणी झाली. ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घरचं बाहेर कसं काढायचं?

“खोटं बोलले मी,” देविका म्हणाली. “तिच्यासाठी. तिच्या घरी मी दिवसभर राबते. फोन तिथंच आला, तिनं ऐकला.”

कमलाकरनं तसंच इंग्रजीत सांगितलं. बाईंची बोटं की-बोर्डवर थांबली.

“म्हणजे आधी खोटं बोललात आणि आता खरं सांगताय. मी कुठल्यावर विश्वास ठेवायचा?”

 ताईसाठी बोललेलं एक खोटं देविकाच्या साऱ्या खऱ्याला खाऊन बसलं होतं. तिला रडू नाही आलं, संताप आला. निवेदिताचा आला आणि त्याहून जास्त स्वतःच्या भाबडेपणाचा.

“जे आत्ता सांगितलं, त्यावर,” ती म्हणाली.

बाईंनी ते टाइप केलं. आणखी काही सांगायचंय का, विचारलं. देविकानं नाही म्हटलं. मग पहिल्या मुलाखतीचा कागद पुढे ओढून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, निकालाचं पत्र कुठे पाठवायचं?

 देविकानं घर नंबरपासून पोस्टकोडपर्यंत निवेदिताचा पत्ता न अडखळता सांगितला. या देशात दुसरा पत्ता तिला नव्हता.