रगद माझ्यापाशी पाच वेळा आली

मी एक जुनी वाळूची पेटी आहे. अरब मुलखातल्या इरबिद शहरात बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत माझी सारी हयात गेली. खाली पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि वर आमच्या मैसूनबाई, मुलांच्या मनाच्या डॉक्टर. दोघांचा जिना एकच. मित्रांनो, हे जिन्याचं लक्षात असू द्या, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

मला अबू राइद नावाच्या सुताराने एका मोडक्या पलंगाच्या फळ्यांतून घडवलं. "पेटी, आणि आत वाळू? डॉक्टरबाई, मांजर पाळलंय का?" असं तो मला पोचवायला आला तेव्हा म्हणाला. माझा फार अपमान झाला. मैसूनबाईंनी माझा तळ निळा रंगवला, म्हणजे वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसावं. मग त्यांनी दक्षिणेच्या वाळवंटातली बारीक तांबूस वाळू माझ्यात ओतली आणि शेजारच्या फळीवर लाकडी माणसं, घरं, उंट, गाड्या मांडल्या.

मनात जे साचतं ते मोठ्यांनाही धड सांगता येत नाही, मग लेकरांना कुठून येणार? ती माझ्यात हात घालायची आणि हातांनी सांगायची. कुणी रोज एकच भिंत बांधून पाडायचं, कुणी बाप म्हणून ठेवलेलं माणूस वाळूत गाडायचं आणि पुढच्या आठवड्यात उकरून काढायचं. मैसूनबाई शेजारी बसून बघत, क्वचित एखादा शब्द बोलत. आईबाप म्हणायचे, "अर्धं काम तर ही पेटीच करते." हे ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढले होते, खोटं कशाला बोलू?

अशात एका हिवाळ्यात रगद आली. सात वर्षांची, दोन वेण्या, अंगात भावाचा सैल स्वेटर. तिच्या आईला सगळे थोरल्या मुलाच्या नावाने उम्म यझन, म्हणजे यझनची आई, म्हणत. त्यांच्या घरी रॉकेलच्या शेगडीवर चहाची किटली उकळत होती, ती कलंडली आणि धाकट्या भावाचा पाय भाजला. बाळ बरं झालं. पण तेव्हापासून रगद शेगडीच्या खोलीत पाऊल ठेवेना. सगळं घर उबेला बसलेलं असताना ही बाहेर बोळात, गार फरशीवर. अंथरूणही ओलं होऊ लागलं. घरचे म्हणायचे, "अल्लाची मर्जी, झालं गेलं विसरून जा." तिच्या मनात काय होतं ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने ओठ घट्ट मिटले आणि त्यांवर तळहात धरला. पाऊण तास तसाच. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी मनातून वैतागले. काय घुमी पोर आहे, असंच मला वाटलं, आणि त्याची आज मला लाज वाटते. कारण तिसऱ्या खेपेला एक हात तोंडावर ठेवून तिने दुसऱ्या हाताने माझ्यात घर मांडलं. आत चार माणसं, आणि पाचवी छोटी बाहुली दाराबाहेर. चौथ्या खेपेला पुन्हा तेच घर, पण बाहुली दाराच्या दोन बोटं जवळ आली होती.

बाहेर उम्म यझनचा धीर सुटत चालला होता. "डॉक्टर, घरी हिचं तोंड मिटत नाही, आणि इथं आली की मुकी! चार चकरा झाल्या. दुखणं काय ते सांगा, औषध लिहून द्या, संपवा."

"ती हातांनी बोलायला लागली आहे, उम्म यझन. सुरुवातीला असंच असतं. काहीच होत नाही असं वाटतं, तेव्हाच पुष्कळ होत असतं. थोडी कळ काढा. आणि घरी नेताना आत काय झालं ते विचारू नका."

"विचारू नको? आई आहे मी तिची!"

मैसूनबाईंनी एक साधा प्रश्न मात्र कधीच केला नाही. इथं यायच्या आधी लेकीला काय सांगून आणलंत, हा तो प्रश्न.

पाचव्या खेपेला रगद आली ती थेट माझ्याजवळ. मुठीतला कागदी रुमाल तिने उलगडला आणि आतला दात माझ्या वाळूवर ठेवला. चिमुकला दुधाचा दात, मुळाशी रक्त सुकलेलं. आमच्याकडे दात पडला की लेकरं तो सूर्याकडे भिरकावतात, "गाढवाचा दात घे, हरणाचा दे" म्हणून ओरडतात. हिचा दात पडला नव्हता. जेमतेम हलणारा दात हिने स्वतः ओढून काढला होता. मग तिने तोंडावरचा हात काढला आणि पहिल्यांदा बोलली.

"हा घ्या. बाकीचे नका काढू."

तेव्हा मैसूनबाईंना सगळं उमगलं. आईने पोरीला दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून आणलं होतं! जिन्यात कुणी भेटलं तर पोरीच्या तोंडूनही तेच निघावं, नाहीतर उद्या मुलगी वेडी ठरायची, लग्नाच्या वेळी लोक बोट दाखवायचे, ही भीती. त्या माउलीला वाईट कसं म्हणू? तिने लेकीचं भलंच पाहिलं होतं.

खरं तर तेव्हा मैसूनबाईंनी रगदजवळ बसायला हवं होतं. पोर नुकती बोलती झाली होती. पण त्यांचा संताप अनावर झाला. त्या तशाच उठल्या आणि दार उघडून जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या उम्म यझनवर कडाडल्या, "मुलीला खोटं सांगून आणलंत? इथं दात काढत नाहीत, मन बघतात, हे तिला सांगायला तुमची जीभ झडत होती का?"

खालून दाढ धरून उम्म यझनची शेजारीण सलवा वर बघत होती. "अगं बाई, उम्म यझन! तू तिथं वर काय करतेस?"

उम्म यझन कठड्यावरून खाली वाकली. "दाताचंच ग," ती म्हणाली. "मजला चुकलो आम्ही." आत येऊन तिने रगदचा दंड धरला आणि खाली घेऊन गेली. दात माझ्याजवळच राहिला, आणि रगदच्या कानात शेवटचं राहिलं ते आईचं 'दाताचंच'.

मैसूनबाई त्या दिवशी किती तरी वेळ माझ्या काठावर हात ठेवून बसून होत्या. "मीच घालवलं तिला," एवढंच त्या पुटपुटल्या.

त्यानंतर त्यांनी रीत बदलली. पहिल्याच फोनवर त्या आईबापांना सांगू लागल्या, "लेकराला खरं सांगून आणा. म्हणा, तिथं एक बाई आहे, खेळणी आहेत, सुई नाही की चिमटा नाही. बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तरी चालेल." मग किती तरी मुलं आली, रमली, बरी होऊन गेली. आता प्लास्टिकची नवी पेटी आली आहे आणि माझ्यावर जुन्या फायलींची चळत असते. त्याचं मला दुःख नाही. लाकूड कधी तरी जुनं होणारच.

मित्रांनो, तुम्हाला कुठे नेत आहेत ते मोठ्यांना विचारा. आणि मोठे व्हाल तेव्हा आपल्या लेकरांना खरं सांगा. कुठलंही खोटं, मायेपोटी बोललेलं असलं तरी, त्यांना एकट्यानेच निस्तरावं लागतं. हे मी इतक्या कळवळून का सांगते, तेही ऐका.

त्या हिवाळ्यात मैसूनबाईंनी उम्म यझनला तीनदा फोन केला, तो कुणी उचलला नाही. चौथ्यांदा लावला तेव्हा त्या माझी वाळू सारखी करत होत्या आणि फोन शेजारी मोठ्या आवाजावर ठेवला होता. पलीकडून बारीक आवाज आला, "कोण?"

"रगद, बाळ, मी मैसून. कशी आहेस तू?"

मग घाईघाईने शब्द आले.

"माझे दात चांगले आहेत, डॉक्टर. सगळे चांगले आहेत." आणि तिने फोन ठेवला.