खाली ठोकलेली फळी

"आई, ऊठ. हातगाडी दारात लावलीय. तुझी खुर्चीही बांधलीय वर."

"मी काय लाकूडफाटा आहे गाडीतून न्यायला?" केझायाबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. "मत बित काही द्यायचं नाही मला."

इनॉक हॉलरॉइड दारातच उभा राहिला. आईचा हट्ट त्याला नवा नव्हता. तोच वारसा घेऊन तो जन्माला आला होता. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या भरतीचा हुकूम आला तेव्हा त्यानं सांगितलं होतं, माणूस मारणार नाही. बरं, तू सुतार आहेस, काडतुसांच्या पेट्या तरी बनव, असं अधिकारी म्हणाले. तेही नाही म्हणाला. अडीच वर्षं तुरुंगात गेली, त्यातले कित्येक महिने तिथल्या नियमानं कुणाशी शब्दही न बोलता. सुटून आला तेव्हा गल्लीतल्या खिडक्यांचे पडदे एकामागून एक खाली आले. इकडे आईच्या दारावर चिखल मारून झालाच होता. तो तिनं रोज धुतला, पण पोराला एका शब्दानं कधी विचारलं नाही.

आणि सरकारची गंमत पाहा. ज्या कायद्यानं केझायाबाईंसारख्या घर चालवणाऱ्या बायकांना मत दिलं, त्याच कायद्यानं इनॉकसारख्यांचं मत पाच वर्षांसाठी काढून घेतलं. युद्ध कागदोपत्री उशिरा संपलं, म्हणून ती पाच वर्षंही अजून संपली नव्हती. केझायाबाई तीन निवडणुका घरातच बसल्या होत्या; ही चौथी.

"तुझं काढून मला दिलंय. असलं उष्टं मला नको. तुझं परत येऊ दे, मग दोघं जाऊ."

"तोवर..." इनॉक अडखळला. डॉक्टर परवाच येऊन गेले होते.

"तोवर मी मरेन. बोल की!"

"हो, मरशील," इनॉक म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "आई, मला एकदा 'नाही' म्हणायचं होतं, त्यासाठी अडीच वर्षं मोजली. तुला नुसती फुली मारायचीय. माझ्यासाठी ती वाया घालवू नकोस."

केझायाबाईंनी विस्तवावर राख ओढली. मग म्हणाल्या, "टोपी दे माझी. ती काळी."

मतदान शाळेत होतं. आतले मत द्यायचे चारही आडोसे इनॉकनंच बनवलेले; गावात दुसरा धड सुतार नव्हता, मग नाइलाज! सकाळी सहाला त्यानं ते उभे करून दिले. आता मात्र त्याला उंबरा ओलांडायची बंदी होती.

रांगेतून कापडवाल्या ऑर्मरॉडबाई करवादल्या, "आता भित्र्यांच्या आयाही मत देणार वाटतं!"

इनॉकनं आईला गाडीतून उतरवलं. दाराशी यादी घेऊन वॉल्टर क्रॅबट्री बसला होता. त्याचा डावा हात फ्रान्सच्या चिखलात राहिला होता.

"बाई," तो म्हणाला, "भित्री माणसं मी जवळून पाहिलीत. मीच होतो एक. हा त्यातला नव्हे. रांग सोडू नका." आणि तो उठला. "चला केझायाकाकी. हात एकच आहे, पण तुम्हाला पुरेल."

त्या बाहेर आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं.

"त्या कोपऱ्यातल्या आडोशाची लिहायची फळी एवढी खाली कुणी ठोकली रे? थेट माझ्या कोपराला आली."

"चुकली असेल."

"तुझ्या हातून फळी चुकत नाही," त्या म्हणाल्या आणि घर येईपर्यंत त्याच्या गाडी ढकलणाऱ्या हातावर हात ठेवून बसल्या.

फेब्रुवारीत त्या गेल्या.

पुढची निवडणूक त्या मतदानानंतर साडेचार वर्षांनी, मे महिन्यात आली. यादीत इनॉकचं नाव होतं. वॉल्टरनं ते दोनदा वाचलं आणि मतपत्रिका त्याच्या हाती दिली. त्याच चार आडोशांपैकी तीन रिकामे होते. कोपऱ्यातल्या आडोशात कुणीतरी होतं, म्हणून इनॉक थांबून राहिला.

तो रिकामा झाल्यावर आत गेला. उंच माणूस; फुली मारायला त्याला पार कमरेत वाकावं लागलं.

"अरे, सुतार ना तू?" वॉल्टर म्हणाला. "वर घेऊन ठोक की ती फळी."

"असू दे," वाकलेलाच इनॉक म्हणाला. "बरोबर मापाची आहे."