वाढलेले सहा डबे

पंधरा मिलिमीटरच्या शिंपल्याच्या बटणाचं वजन सरासरी सहाशे वीस मिलिग्रॅम भरतं. सतरा नंबरच्या डब्यात आज दुपारी अठरा ग्रॅम होते, म्हणजे एकोणतीस बटणं. ओतून मोजली तर अठ्ठावीस अख्खी निघाली आणि एकाचा टवका उडालेला. पाच महिन्यांपूर्वी याच डब्यापुढे मी तक्त्यात पाचशे लिहिले होते.

मोठ्या जाऊबाई खिडकीशी बसून पाकिटांवर पत्ते चिकटवत होत्या. दोनच पाकिटं होती, तरी कडा जुळवायला त्यांनी पट्टी घेतली होती. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. बोटं आखडली तेव्हा शिलाई सोडावी लागली. त्यानंतर सात महिने त्या दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असत. मग उरलेली बटणं विकायला आम्ही इंटरनेटवर दुकान काढलं. पहिली ऑर्डर आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या सहाला उठायला लागल्या.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती. दुकानात माझ्याकडे एकच काम आलं, माल कधी मागवायचा ते ठरवणं. कारखान्यातून माल यायला पंचेचाळीस दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत जेवढी बटणं खपतात, त्याच्या खाली डबा गेला की मागणी नोंदवायची. जाऊबाई मला शास्त्रज्ञ म्हणायच्या. आमच्या शास्त्रज्ञ बाई बटणांचीसुद्धा नाडी बघतात, असं कुरिअरवाल्याला सांगायच्या.

पाच महिन्यांपूर्वी मला ताप आला आणि नेमका त्याच आठवड्यात नवा माल आला. डबे जाऊबाईंनी मोजले. कागदावर आकडे लिहिले आणि सहा डब्यांपुढे फक्त 'वाढलं' असं लिहिलं. त्यांच्या तोंडून 'संपलं' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. दोरा वाढला, खडू वाढला, चहाची पूड वाढली. घरातल्या वस्तूला संपली म्हणू नये, ही त्यांच्या आईची शिकवण. हे मला अठरा वर्षं ठाऊक होतं. पण माल आल्याचं कानावर होतं, अंगात ताप होता, आणि मी तो शब्द शाळेतल्या मुलीसारखा वाचला. रिकाम्या सहा डब्यांपुढे मी पाचशे-पाचशे भरले. नवा माल दुसऱ्याच डब्यांत गेला होता; सतरा नंबरचा डबा पुढच्या खेपेत भरला.

अकरा दिवस आम्ही नसलेली बटणं विकली. त्रेसष्ट ऑर्डरी रद्द कराव्या लागल्या. ज्या साइटवर आमचं दुकान आहे, तिथे रद्द ऑर्डरी प्रमाणाबाहेर गेल्या की दुकान मागच्या पानांवर जातं. आम्ही चौदाव्या पानावर गेलो. बटणासाठी चौदा पानं कोण चाळतं? मी अर्ज केला, महिन्याने पुन्हा केला. दोन्ही उत्तरं शब्दशः सारखी होती.

जाऊबाईंना मी सांगितलं की साइटचे नियम बदलले. त्यांनी जास्त विचारलं नाही. 'वाढलं' लिहिलेला तो कागद मी माझ्या खणात ठेवला.

दुकानाचं काय करायचं, हे घरात कुणी काढत नव्हतं. मी तर नाहीच. सात महिन्यांची ती भिंत माझ्या डोळ्यांसमोर होती. गेल्या रविवारी माझ्या नवऱ्याने जेवता जेवता भीत भीत विचारलं, "वहिनी, दुकान वाढवायचं का आता?"

"वाढवू की," जाऊबाई म्हणाल्या. "तुमची खोली रिकामी करून द्या भावजी, तिथे डबे मांडते."

तो हसला. त्यांनी त्याला आणखी एक पोळी वाढली आणि विषय तिथेच राहिला.

आज सकाळी कारखानदाराचा निरोप आला. शिंपला कापायचं यंत्र तो मोडीत काढतो आहे. शेवटचा माल हवा असेल तर संध्याकाळपर्यंत कळवा, पाच हजारांच्या खाली देणार नाही. आमच्याकडे लोक यायचे ते शिंपल्याच्या बटणांसाठीच. प्लास्टिकची कुठेही मिळतात.

मी गणित तीनदा केलं. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती.

निरोप वाचून दाखवल्यावर मी जाऊबाईंना म्हटलं, की सध्या आठवड्याला नऊ बटणं जातात. या वेगाने पाच हजार जायला दहा वर्षं आठ महिने लागतील.

त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांनी मनात बेरीज केली असावी. "म्हणजे एकोणऐंशीपर्यंत मला मरायची सवड नाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं, आधी सांगितलंस."

मी हसू शकले नाही. त्यांनी दुसऱ्या पाकिटाची कड अंगठ्याने दाबली, पट्टी जागेवर ठेवली आणि उठून टेबलाशी आल्या. टवका उडालेलं बटण बोटांच्या चिमटीत धरायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. उजेडात धरून त्यांनी ते बघितलं आणि इतरांपासून वेगळं ठेवलं. खोलीत सत्तर डबे होते. एकसष्ट रिकामे होते, पण आठवड्यातून एकदा त्या सगळे पुसत.

"साडेपाच वाजले," मी म्हटलं. "त्याला काहीतरी कळवायला हवं."

"कळव."

मी संगणक पुढे ओढला. माल नको, एवढं लिहिलं आणि थांबले. कारण लिहायला हवं होतं. त्यांच्याकडे न बघता मी विचारलं, "काय लिहू? दुकान वाढवलं?"

 त्यांनी सतरा नंबरच्या डब्याचं झाकण लावलं.

"तसं नको लिहू," त्या म्हणाल्या. "तू वाचलंस तसंच तोही वाचेल. सरळ लिही, दुकान संपलं."