दोनशे दहा वॅट

म्हाताऱ्याचे दात अटलांटिक समुद्रात पडले आणि आता एक मासा परभणीच्या डॉक्टरनं केलेली कवळी घालून हिंडतोय, असं मी इथं सगळ्यांना सांगते. नातीला सांगितलं, सुनेच्या मैत्रिणींना सांगितलं, मॉलमध्ये भेटलेल्या एका गुजराती बाईलासुद्धा सांगितलं. तिनं विचारलं, केवढा मासा? म्हणलं, आमच्या ह्यांचे दात बसले म्हणजे बघा.

खरं झालं ते एवढंच. आमच्या ह्यांनी, म्हणजे दादारावांनी, विमानात जेवण झाल्यावर कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळली आणि ताटात ठेवली. विमानातली पोरगी आली, ताट घेऊन गेली. हे झोपलेले. उठले ते एकदम डेट्रॉइटला, बिनदाताचे.

तिथून सतरा दिवस माणूस जेवला नाही. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये पोराचं, राकेशचं, एवढं मोठं घर, फ्रिज कपाटाएवढा, आणि हे सकाळी दूध, दुपारी पातळ खिचडी, संध्याकाळी पुन्हा दूध. नंदानं, आमच्या सुनेनं, ओट्स करून दिले तर म्हणाले, हे भिंतीला लावायचं आहे का? पँटच्या पट्ट्याला राकेशनं खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली. इथल्या दातांच्या डॉक्टरची तारीख मार्चमधली मिळाली आणि तेव्हा फेब्रुवारीची पहिली तारीख होती.

शुक्रवारी राकेश माझ्याजवळ येऊन बसला. "आई, रविवारपर्यंत बाबा नीट जेवले नाहीत ना, तर मी तिकिटं अलीकडं घेतो. तिकडं डॉक्टर ओळखीचे आहेत. इथं काही झालं तर मला झेपायचं नाही."

त्याचं खोटं नव्हतं. पण माझंही ऐका. मैत्री, माझी नात, अकरा वर्षांची झाली आणि मी तिला आत्तापर्यंत फोनमध्येच बघितलेलं, तळहाताएवढी. इथं आले तर ती माझ्या खांद्याला लागली. सहा महिने राहायचं म्हणून आले होते मी. अजून तिच्या डोक्याला तेलसुद्धा नीट लावू दिलं नव्हतं पोरीनं.

म्हणलं, "रविवारपर्यंत ना? बघू."

संध्याकाळी नंदाला सांगितलं, म्हाताऱ्याला जिभेनं चिरडता येईल असं काहीतरी पाहिजे, पण पोटभरीचं. मैत्री टॅबलेट घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बीफ स्टू. इन द स्लो कुकर. इट फॉल्स अपार्ट, आजी."

मी नंदाकडं बघितलं. नंदानं माझ्याकडं बघितलं. तिच्या माहेरी नागपूरला खायचे. आमच्या लहानपणी आम्ही दोघंही खायचो. पण हे वीज बोर्डात लाइनमन लागले आणि बदल्या सुरू झाल्या. सेलू, गंगाखेड, जिंतूर. घर भाड्यानं मागायला गेलं की आधी आडनाव विचारायचे. कसंबसं घर मिळालं की हे मला पहिल्या दिवशीच सांगायचे, "गिरजा, ह्या घरात ते शिजणार नाही. वासावरून खोली जायला नको." मग मोठ्याचं मटण, म्हणजे हेच बीफ, आमच्या चुलीवर चढलं नाही ते नाहीच. स्वतःचं घर बांधलं तरी नाही. सवय गेली ती गेली. ह्यांनी कधी नाव काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नंदा म्हणाली, "आई, बाबा खातील?"

म्हणलं, "घ्यायला तर जाऊ."

आता दुकानाचं मी काय सांगू. मी वाढवून सांगते असं सगळे म्हणतात, पण हे जसंच्या तसं सांगते. सोनाराच्या दुकानात असतात तसे दिवे. काचेमागं लाल लाल तुकडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, वजन, तारीख. बाया-माणसं लेकरांना घेऊन उभी, कुणी इकडंतिकडं बघत नाही, कुणी पिशवी लपवत नाही. मी तर बूट काढायच्या बेतात होते. काउंटरवरच्या पांढऱ्या केसांच्या बाईनं नंदाला विचारलं, स्टूला पाहिजे का? आणि आपल्या हातानं बारीक चरबीचा, खांद्याकडचा तुकडा निवडून, कापून, कागदात बांधून दिला. वर मला म्हणाली, एन्जॉय.

आम्ही ट्रॉली ढकलत पुढं निघालो. गाजर घेतलं, बटाटे घेतले, सेलरी नावाचा एक कोथिंबिरीचा मोठा भाऊ घेतला. पैसे द्यायच्या रांगेत नंदा थांबली आणि ट्रॉलीत बघायला लागली. मी कोथिंबिरीच्या दोन जुड्या मटणाच्या पुड्यावर नीट पसरून ठेवल्या होत्या. कधी ठेवल्या ते माझं मलाच कळलं नव्हतं. नंदानं जुड्या उचलून बाजूला ठेवल्या.

शनिवारी सकाळी नंदानं मटण तव्यावर लाल करून घेतलं. मैत्री चमचे मोजून टाकत होती, तिच्या टॅबलेटमध्ये लिहिलंय तसं. तिनं पाठ फिरवली की मी परभणीहून आणलेलं काळं तिखट एक चमचा टाकलं. तिनं पुन्हा पाठ फिरवली, पुन्हा एक.

"आजी, डिड यू पुट समथिंग?"

"मी? मला वाचता येतं का इंग्लिश?"

मग सगळं त्या स्लो कुकरच्या भांड्यात गेलं. भांडं म्हणजे काय, काळी जाड कुंडी, वर काचेचं झाकण, खाली एक खटका. मैत्रीनं खटका 'लो' वर फिरवला. बारीक लाल दिवा लागला. बस. जाळ नाही, आवाज नाही.

"ह्याच्या शिट्ट्या किती घ्यायच्या?"

"नो शिट्टी, आजी. आठ तास. आणि झाकण उघडायचं नाही. उघडलं की हाफ अवर वाया जातो."

नऊ वाजले होते. राकेश आणि नंदा मैत्रीला घेऊन पोहायला गेले, तिथून पुढं तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला. बाहेर एवढा बर्फ आणि ही पोरगी पोहायला. हे सांगितलं तर परभणीत कुणी विश्वास ठेवणार नाही. मी वर जाऊन जरा पडले.

आता ह्यांची एक खोड सांगायची राहिली. छत्तीस वर्षं बोर्डात काढलेला माणूस. माणसं घराबाहेर पडली की हे घरभर फिरून सगळी बटणं बंद करणार. आमच्याकडं भिंतीत बटण असतं, इथं नसतं. मग हे वायरच ओढून काढतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी इंटरनेटचा डबा काढला, राकेशची मीटिंग तुटली. चौथ्या दिवशी गॅरेजमधला फ्रीझर काढला.

साडेदहाला खाली आले तर भांड्याचा लाल दिवा गेलेला.

"अहो, ह्याची वायर कुणी काढली?"

"मी," हे पेपर वाचत होते, राकेशनं छापून आणलेला मराठी. "आत्ता काढली. घरात कुणी नाही आणि वायर चालू. जळून खाक होतात घरं."

"आत मटण आहे."

"कसलं?"

"मोठ्याचं."

पेपर खाली आला. माझ्याकडं बघितलं, मग भांड्याकडं. मला वाटलं आता उठून वर जातील. उठले, पण वर नाही गेले. कपाटावरचं त्या भांड्याचं खोकं काढलं, चष्मा लावला आणि खोक्यावरचं बारीक वाचायला लागले. एकदा वाचलं. खिडकीजवळ जाऊन उजेडात वाचलं.

"दोनशे दहा वॅट," म्हणाले. "गिरजा, हे शक्य नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शंभरचे दोन बल्ब आणि देवळातला एक झिरोचा. एवढ्यावर मोठ्याचं शिजतं? चहा नाही होणार. फसवलंय तुम्हाला."

"मग लावा वायर आणि बघा."

लावली. दिवा लागला. हे खुर्ची ओढून भांड्यासमोर बसले, खोटं धरायला बसतात तसे.

अकरा वाजले. काही नाही. साडेअकराला झाकणाला आतून वाफ धरली. ह्यांनी भांड्याजवळ हात नेला, मागं घेतला, पुन्हा नेला. बारा वाजता मी दुधाचा कप दिला तर तसाच ठेवला. एक वाजता मला हाक मारली, हळू, लेकरू झोपलंय असं.

"गिरजा. इकडं ये. कडेला बघ."

एक बुडबुडा आला. फुटला. बऱ्याच वेळानं दुसरा आला. आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या काचेवर वाकून तिसऱ्याची वाट बघत उभी राहिलो. तो आला तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं. लग्नात धरलं होतं त्याच्यानंतर मला तरी आठवत नाही.

"माझी माय," म्हणाले, "गाडग्याचं तोंड कणकेनं लिंपायची. चुलीतला जाळ ओढून घ्यायची आणि गाडगं राखेत ठेवून रानात जायची. संध्याकाळी यायची. आम्ही पाच भाऊ गाडग्याभोवती असेच बसायचो. हे तेच करतंय. राख नाही, चूल नाही. दोन बल्ब."

त्यानंतर वास सुटला.

आधी कांद्याचा, मग काळ्या तिखटाचा, मग त्याच्या खालून तो दुसरा, खोल, जुना. मला साठ वर्षं मागं नेऊन सोडलं त्यानं. स्वयंपाकघर भरलं, जिना भरला. वर ठेवलेल्या माझ्या शालीत गेला. हे एकदम उठले. खिडकी बोटभर उघडी होती, ती लावली. पडदा ओढला. मागच्या दाराची फट पायपुसणं लावून बंद केली. मग येऊन पुन्हा खुर्चीत बसले. मी बघितलं. मी काय बोलणार, मी तर कोथिंबीर पसरून आले होते.

पाचला गाडी आली. राकेश आत आला आणि सरळ झाकणाला हात घालायला गेला. ह्यांनी फटकन त्याच्या हातावर मारलं.

"अर्धा तास वाया जातो."

"बाबा, मी फक्त बघतो."

"मी सकाळपासून बघतोय. तू नको बघू."

मागून मैत्री आली, केस ओले, नाक लाल. "ओ माय गॉड, आजोबा. इट स्मेल्स सो गुड. आय कुड स्मेल इट फ्रॉम द ड्राइव्हवे."

ह्यांचा चेहरा उतरला. "बाहेर येतोय वास?"

"हो. समोरचे अंकल बर्फ काढत होते ना, ते पण म्हणाले, व्हॉट्स कुकिंग?"

"मग तू काय सांगितलंस?"

"बीफ स्टू." पोरगी बूट काढायला लागली. "ही सेड लकी यू."

हे पडद्याजवळ गेले. पडदा बाजूला केला. समोरचा माणूस फावडं टेकून उभा होता, त्यानं हात वर केला. ह्यांनीही केला, अर्धा. मग खिडकीची कडी काढली आणि चार बोटं उघडली. बाहेर उणे बारा. गार वारं आत आलं आणि वाफेचा तो सगळा वास बाहेर गेला. नंदानं स्वेटर घट्ट गुंडाळलं, पण खिडकी लावा म्हणाली नाही. पायपुसणंही मी पायानं बाजूला सारलं.

सहा वाजता मैत्रीनं झाकण काढलं. रस्सा दाट तपकिरी. मी डाव बुडवला आणि मटणाचा तुकडा उचलला, तर तो डावातच स्वतःच्या वजनानं दोन झाला. मी दाबला नाही, काही केलं नाही. गाजर तसंच, बटाटा तसाच, आणि मटण सुती धाग्यासारखं सुटत होतं.

नंदानं ज्वारीची भाकरी केली होती. ह्यांनी ती बाउलमध्ये कुस्करली, वर रस्सा घेतला, एक घास तोंडात घातला आणि थांबले. जबडा हलला नाही. नुसती जीभ हलली. सगळे आपापलं खायचं सोडून म्हाताऱ्याच्या गळ्याकडं बघत होतो. गळा खाली गेला, वर आला.

दुसरा घास. तिसरा.

बाउल पुढं केला. मी भरला. पुन्हा पुढं केला, पुन्हा भरला. मैत्री बोटांवर मोजत होती, हळूच मला दाखवत होती.

"मी खांबावर चढून अठ्ठेचाळीस गावांत लाइट नेली," हे म्हणाले. बाउलकडं बघून म्हणाले, कुणाकडं बघून नाही. "पहिला बल्ब लागला की लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, बघायला मिळतं ना रात्रीचं, बस झालं. हेही होतं त्या विजेत, हे मला कुणी सांगितलंच नाही."

राकेशनं लॅपटॉप उघडून ठेवला होता, विमानाचं पान काढून. घसा साफ केला.

"बाबा, तिकिटांचं उद्या..."

"उद्या," हे मध्येच म्हणाले, "हे भांडं रिकामं आहे का?"

राकेशनं नंदाकडं बघितलं. नंदानं हात लांब करून लॅपटॉप मिटला.

जेवणं झाल्यावर मी परभणीला बहिणीला फोन लावला. तिकडं सकाळ होती. जय भीम झालं, पाऊसपाणी झालं. ती म्हणाली, दाजींच्या कवळीचं काय झालं, सापडला का मासा? म्हणलं, सापडायचा तेव्हा सापडेल. मग तिला आजचं सांगितलं. दोन बल्बाएवढ्या विजेवर नऊ तास मोठ्याचं शिजवलं, दात नसलेल्या माणसानं तीन बाउल खाल्ले, आणि सगळ्या गल्लीला वास जाऊ दे म्हणून स्वतःच्या हातानं खिडकी उघडली. एक अक्षर वाढवलं नाही मी.

"गिरजाबाई," म्हणाली, "माशाचं एक वेळ खरं धरलं. पण आता काहीही सांगायला लागलीस."